आण्णांची हसऱ्या कात्रणांची १४ बाडं दोन खोल्यांच्या फ्लॅटात कशी न्यायची?

कोरे_गल्ली
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार. बेळगावात शहापुरातलं आमचं घर विकलं, अक्षय तृतीयेला टिळकवाडीत दुसऱ्या गेटजवळच्या फ्लॅटात जायचं ठरलंय, मी आणि आई दोघीच. मंगळुरी कौलांचं घर, मागं परडं, माळा, तीन गोदरेज कपाटं, त्यातून दोन बेडरूमच्या फ्लॅटात काय काय मावणार ते तुम्हाला कळतंयच. भांडी वाटली, पाटे-वरवंटे दिले, आण्णांची सायकल सुद्धा दिली. अडलंय ते एकाच गोष्टीवर.

आण्णा, म्हणजे माझे वडील, पेठेत साडीच्या दुकानात दिवाणजी होते. १९६१ सालापासून ते साधारण ९८ पर्यंत पेपरातले, मासिकातले विनोद, चुटके, व्यंगचित्रं कापून चिकटवायचे. वही विकत घ्यायची ऐपत नव्हती म्हणून दुकानातल्या निकाली निघालेल्या हिशेबाच्या चोपड्या मालकांकडून मागून आणायचे आणि त्या हिशेबावरच खळीनं चिकटवायचे. अशी १४ बाडं आहेत, फुलस्केप आकाराची, प्रत्येकात ९० एक पानं, फुगून एवढी झालीत की दोऱ्यानं बांधल्याशिवाय मिटत नाहीत. त्यात केसरी आहे, तरुण भारत आहे, किर्लोस्कर, मोहिनी, मार्मिक, आवाजचे दिवाळी अंक. कन्नडमधली पण काही आहेत, दुकानातले एक जोडीदार त्यांना द्यायचे.

पुण्याचा भाऊ म्हणतोय मोबाईलवर फोटो काढ आणि रद्दीत दे. तो वाईट मनानं नाही म्हणत, त्याला काळजी आहे की मी सगळंच धरून बसेन. काल रद्दीवाला आला, त्यानं तोलून पण बघितलं, ३१ किलो, १४ रुपयांनी ४३४ रुपये. मी उद्या ये म्हणून परत पाठवला आणि रात्री एक बाड घेऊन बसले.

आजवर मी त्यातली फक्त चित्रं बघत होते, काल पहिल्यांदा कडेची बारीक अक्षरं वाचली. प्रत्येक कात्रणाच्या बाजूला आण्णांनी तारीख घातलीय आणि खाली एक ओळ. "सौ. हसली." "मास्तरांना दाखवला, दोनदा हसले." "कळला नाही तरी ठेवला." "दुकानात वाचला, मालक रागावले." एका ठिकाणी जवळजवळ तीन आठवडे काहीच नाही, तारखा बघितल्या तर माझी आजी गेली तेव्हाचे दिवस. त्यानंतरचं पहिलं कात्रण अगदी छोटं, दोन बोटांएवढं, आणि कडेला "आज ठेवला. कुणाला दाखवला नाही."

आता मला रद्दीवाल्याला काय सांगायचं ते कळलंय, पण पुढं काय करायचं ते कळत नाही. पेपर पिवळा पडलाय, काही ठिकाणी हात लावला की चुरा होतोय, कडेनं कसर लागलीय, सेलोटेपचे तपकिरी डाग आहेत. फ्लॅटात एक लॉफ्ट आणि एक बॉक्स पलंग एवढीच जागा. कुणी असं काही सांभाळलंय का? जमेल तसं सांगा.

---

दुसरं_गेट
सोमवार, रात्री १०:५०

अक्का, मी पाच वर्षांपूर्वी अनगोळचं घर सोडून असंच फ्लॅटात आलो, म्हणून अनुभवाचं बोलतो. सगळं ठेवायचं म्हटलं की काहीच नीट राहत नाही. चौदा बाडातली उत्तम अशी दोनशे कात्रणं निवडा, हळूच सोडवून एका चांगल्या अल्बममध्ये लावा, टीपॉयवर ठेवा. येणारा-जाणारा उघडून बघेल. बाकीच्याचे फोटो काढा आणि मोकळ्या व्हा. लॉफ्टवर चढवलेली वस्तू परत खाली येत नाही, माझ्या वडिलांचे दासबोधावरचे टिपणांचे कागद असेच वर राहिले आणि स्लॅबच्या उष्णतेनं पापडासारखे झाले. ते मला अजून लागतंय, म्हणून सांगितलं.

---

निपाणीकर
मंगळवार, सकाळी ६:४०

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. पहाटे वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसलो.

ताई, व्यंगचित्रं म्हणून विचाराल तर तुमच्याकडं खजिना आहे यात शंका नको. शि. द. फडणीस आमच्या निपाणीजवळच्या भोजचे, जन्म २९ जुलै १९२५, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातलेच. त्यांची शब्दाविना बोलणारी चित्रं मोहिनी, हंसवर यायची, ती तुमच्या बाडात असणारच. हंसचं ते मांजर आणि उंदराचं मुखपृष्ठ, मुलाच्या शर्टावर मांजरं आणि मुलीच्या साडीवर उंदीर, ते निघालं तर मला सांगा. पुढं गणिताच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी चित्रं काढली आणि आमच्या वर्गातली पोरं गणिताचं पुस्तक आपणहून उघडायला लागली, हे मी डोळ्यानं बघितलंय. वसंत सरवटे कोल्हापूरचे, त्यांची रेघ वेगळी, ललितची मुखपृष्ठं बघा.

पण मला तुमच्या पोस्टमधलं चित्रांपेक्षा ते "कळला नाही तरी ठेवला" जास्त महत्त्वाचं वाटलं. छापलेली चित्रं कुठल्यातरी वाचनालयात मिळतील. एका साडी दुकानातल्या माणसाला ती कशी लागली, कुणाला दाखवली, घरात कोण हसलं, ते जगात फक्त या १४ बाडात आहे. म्हणून वरच्या दादांना माफी मागून सांगतो, दोनशे निवडून काढू नका. निवडायचं काम तुमच्या आण्णांनी करून ठेवलंय, सदतीस वर्षं.

---

कागदवाला
मंगळवार, दुपारी १:१५

धारवाडला जुन्या हस्तलिखितांच्या दुरुस्तीच्या कामावर काही वर्षं होतो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी पिवळेपणाचं. पेपरचा कागद लाकूड यंत्रानं रगडून केलेल्या लगद्याचा असतो, त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहतं. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळं पडतं आणि आम्ल तयार होतं, ते आम्ल कागदाचे तंतू तोडतं म्हणून चुरा. हे आम्ल शेजारच्या कागदात पण उतरतं, म्हणून कात्रणाच्या समोरच्या पानावर त्याच आकाराचा तपकिरी ठसा दिसत असेल, बघा. हे पूर्ण थांबवता येत नाही, सावकाश करता येतं. तुमचं नशीब एका बाबतीत चांगलं आहे, जुन्या चोपड्यांचा कागद पेपरपेक्षा खूप दणकट असतो, म्हणजे खालचा आधार भक्कम आहे.

कात्रणं सोडवू नका. खळ वाळून साठ वर्षं झालीत, सोडवताना कात्रण फाटेल, वरून कडेचं लिखाण एकीकडे आणि चित्र एकीकडे होईल. बाड हीच वस्तू समजा.

खळीवरून आठवलं, पूर्वी पुस्तक बांधणारे लोक खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचे, कीड लागू नये म्हणून. पानांवर कुठं हिरवट-निळसर छटा दिसते का बघा. असेल तर पान उलटताना बोटाला थुंकी लावायची नाही, काम झालं की साबणानं हात धुवायचे, आणि आईंना पण सांगा. ज्या बाडात मोरचूद आहे त्याला कसर कमी असेल. ज्यात साधी मैद्याची खळ आहे तिथं कसर पहिल्यांदा खळच खाते, कागद नंतर.

कसरीसाठी डांबरगोळ्या नकोत, बंद फ्लॅटात तो वास फुफ्फुसाला वाईट. बाड पॉलिथीनच्या दोन पिशव्यांत घट्ट बंद करायचं, आतली हवा काढायची आणि उणे १८ च्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, एक पूर्ण दिवस तशीच, नाहीतर हवेतलं पाणी कागदावर जमतं. घरच्या फ्रीजमध्ये एका वेळी दोनच मावतील, हळूहळू करा. वेखंड, कडुनिंब पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवा, चालतं, पण पानांमध्ये पाला घालू नका, त्याचा डाग पडतो.

सेलोटेप वाळून निघत असेल तर निघू द्या, ओढू नका. जिथं अजून चिकट आहे तिथं बेकिंगसाठी मिळतो तो सिलिकॉनचा कागद मध्ये घाला, त्याला काही चिकटत नाही. बाकी पानांमध्ये आम्लमुक्त टिश्यू पेपर, पण सगळ्या पानांत घातला तर बाड आणखी फुगेल आणि शिवण तुटेल, म्हणून जिथं पेपरची मोठी कात्रणं समोरासमोर येतात तिथंच.

काही व्हिडिओत दाखवतात की सोड्याच्या पाण्यात मॅग्नेशिया घालून पेपर बुडवला की आम्ल जातं. हे घरी करू नका हो. आण्णांच्या शाईची अक्षरं पाण्यात जातील.

---

खानापूरची_पोर
मंगळवार, दुपारी ३:३०

कागदवाल्या काकांनी सांगितलं तेच, आणि त्यात माझं एक, लॅमिनेशन करू नका! माझ्या आजोबांनी जमवलेली विनोदी कात्रणं होती, फक्त एक वही. मी नववीत असताना फार प्रेमानं एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली, सुटी सुटी करून. दुकानदारानं गरम मशिनीतून काढली, दोन जागच्या जागी काळी पडली, उरलेली आता प्लॅस्टिकच्या आत पिवळी होत चाललीत आणि बाहेर काढता येत नाहीत. वहीचा पुठ्ठा टाकून दिला होता, त्यावर आजोबांनी काय लिहिलं होतं ते आता कुणालाच आठवत नाही.

आणि आमच्याकडं पावसात काय होतं तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल. तुमचं नशीब आत्ता फेब्रुवारी आहे, जे काही उघडायचं, झाडायचं, स्कॅन करायचं ते पाऊस यायच्या आत उरका. बुरशी असेल तर परड्यात सावलीत, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशनं, घरात नको. उन्हात वाळत घालू नका, पूर्वी घालायचे पण उन्हानं पेपर अजून पिवळा होतो.

---

अथणीकर_पुण्यात
मंगळवार, रात्री ११:०५

स्कॅनिंगचं मी सांगतो, ऑफिसात हेच काम आहे.

फुगलेलं बाड साध्या स्कॅनरवर उपडं करून दाबायचं नाही, शिवण जाते. वरून फोटो काढायचा. टेबलावर दोन बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या, त्यावर बाड अर्धवट उघडं, म्हणजे पूर्ण १८० ला पसरायचं नाही, ११०-१२० च्या कोनात राहू दे, आणि एका वेळी एकच पान. मोबाईल स्टँडवर, पानाला समांतर. फ्लॅश बंद. सोप्यात सकाळचा उजेड येतो पण ऊन येत नाही अशी जागा बघा. प्रत्येक बाडाच्या पहिल्या फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे पुढं आकार कळतो.

बारीक ठिपक्यांची छपाई आहे ती पानं शक्य असेल तर चांगल्या वरून-स्कॅन करणाऱ्या मशिनीवर, ३०० डीपीआय तरी पाहिजेच, छोट्या चुटक्यांना ६००. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, बघायला आणि पाठवायला जेपीजी. हिशेब असा, फुलस्केप पान ३०० ला रंगीत टिफ साधारण २८ एमबी, तुमची १२६० पानं म्हणजे ३५ जीबी. एका पेनड्राइव्हवर मावतं. पण एकावर ठेवू नका, तीन प्रती करा, एक तुमच्याकडं हार्डडिस्कवर, एक ऑनलाईन, एक पुण्याला भावाकडं. त्यांनाही बरं वाटेल. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो लहान होतो, ती प्रत धरू नका.

फाईलला नाव "बाड०१_पान०१२" असं, बाकी काही नको. कात्रण कुठल्या पेपरचं, तारीख, आण्णांनी काय लिहिलंय, हे वेगळ्या एक्सेल शीटमध्ये. आणि कोरं पान आलं तरी फोटो काढा. ते तीन आठवडे तुम्हाला मधल्या रिकामेपणामुळंच सापडले ना.

---

कोरे_गल्ली
बुधवार, सकाळी ९:२०

तुम्हा सगळ्यांचं कसं सांगू. काल रात्री आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती ८३ ची आहे, ऐकू कमी येतं, म्हणून जोरात वाचलं, शेजारच्या वैनी पण येऊन बसल्या.

मोरचूद आहे! सहा बाडांत पानांच्या कडेला निळसर दिसतंय, आणि त्याच सहांना कसर नाही. आई म्हणाली होय की, आण्णा खळ शिजवताना चिमूटभर घालायचे आणि मला त्या पातेल्याला हात लावू द्यायचे नाहीत, ते पातेलं वेगळंच होतं. बाकीच्या आठांत तिनं केलेली खळ आहे. म्हणजे कुठलं बाड कुणी चिकटवलं ते आता कसरीवरनं कळतंय.

एक अडचण विचारते. आवाजच्या खिडक्या आण्णांनी उघडतील अशाच चिकटवल्यात, फक्त डाव्या कडेला खळ, म्हणजे वरचं कापलेलं पान उचललं की आतलं चित्र दिसतं. त्याचे फोटो कसे काढायचे? आणि दुसरं, मी एका जुन्या वाचनालयात फोन करून बाडं देणगी म्हणून विचारली, ते म्हणाले छापील पुस्तकं असतील तर आणा, चिकटवलेल्या वह्या आम्ही घेत नाही. बोलणं नीट होतं त्यांचं, तरी फोन ठेवल्यावर डोळ्यात पाणी आलं.

---

अथणीकर_पुण्यात
बुधवार, सकाळी ९:५५

खिडकीचे दोन फोटो, आधी बंद, मग उघडी. नाव "पान०४०_क" आणि "पान०४०_ख". उघडताना बोटानं नाही, पातळ पुठ्ठ्याची पट्टी आत सरकवून उचला, घडीवर कागद सगळ्यात आधी तुटतो.

---

शहापूर_माग
बुधवार, दुपारी १२:४०

मी या चर्चेत फक्त वाचत होतो पण आता राहवेना. कात्रणांच्या खाली जे हिशेब आहेत ते वाचता येतात का? आमचं घर विणकराचं, आजोबांचे दोन माग होते, शहापूरच्या पेठेत साड्या घालायचे. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासून इथं साडीचा धंदा, पण मागवाल्यांच्या बाजूचं लिहिलेलं काहीच आमच्याकडं उरलं नाही, मजुरी किती, सूत कुठल्या भावानं, उचल किती घेतली होती, सगळं तोंडी. तुमच्या आण्णांनी ज्या चोपड्या वापरल्या त्यात कात्रण नसलेल्या जागेत नावं, रकमा दिसत असतील. फोटो काढताना ती कड कापू नका एवढी हात जोडून विनंती. पूर्ण पान येऊ द्या.

---

कोरे_गल्ली
बुधवार, रात्री ८:१०

दिसतात हो. बाड ४ मध्ये एका व्यंगचित्राच्या दोन्ही बाजूंनी मागवाल्यांची नावं आणि पुढं साड्यांचे नग आहेत. कुणाची नावं इथं लिहीत नाही, तुम्ही घरी या, आपण बसून बघू. मी आजवर त्या अक्षरांकडं कागदावरची नक्षी म्हणूनच बघितलं होतं.

---

दुसरं_गेट
बुधवार, रात्री ८:४५

अक्का, मी माझं पहिलं म्हणणं मागं घेतो. निवडून अल्बम करा हे चुकीचं सांगितलं. जागेचा प्रश्न मात्र खरा आहे, तेवढ्यापुरतं उपयोगी पडेल ते सांगतो. लॉफ्ट नको. बाथरूमच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. बॉक्स पलंगात जमिनीलगत ओल येते, म्हणून तिथं ठेवायचं असेल तर खाली लाकडी पट्ट्या टाकून चार बोटं उंच करा. मी मोजलं, फुलस्केप बाड आडवं ठेवलं आणि एकावर एक तीनच ठेवली, तर चौदा बाडांना पाच थप्प्या, म्हणजे एका साध्या कपाटाचे खालचे दोन कप्पे. दोन कप्पे. एवढी जागा माझ्या घरात जुन्या चार्जरना आणि रिकाम्या डब्यांना दिलेली आहे.

---

कागदवाला
बुधवार, रात्री ९:३०

आडवीच ठेवा, दादांनी बरोबर सांगितलं. फुगलेलं बाड उभं ठेवलं की आपल्याच वजनानं शिवणीतून खाली ओढलं जातं.

गुंडाळायला पोथीला घालतो तसं बासन करा. कोरा मांजरपाट आणा, दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा, वाळवा, आणि चौकोनी तुकड्यात बाड बांधा. लाल कापडाचा मोह नको, ओल आली की रंग उतरतो. प्लॅस्टिकच्या बंद डब्यात पावसाळ्यात ओल अडकते, त्यापेक्षा कापड बरं. दोऱ्यानं आवळू नका, रुंद नाडी घ्या, दोऱ्याची खाच पानाच्या कडेला पडते आणि तिथूनच तुकडा जातो.

वर्षातून एकदा, दिवाळी झाल्यावर हवा कोरडी होते तेव्हा, सगळी सोडून बघायची. कसरीची भुकटी दिसते का, एवढंच.

फार चुरा होणारी जी पानं आहेत त्यांची झेरॉक्स चांगल्या कागदावर काढून ठेवा. झेरॉक्सची काळी पूड पुष्कळ टिकते, इंकजेटच्या प्रिंटसारखी फिकी होत नाही. हातात घेऊन वाचायला ती, मूळ बाड बासनात.

---

हिंदवाडीकर
गुरुवार, सकाळी ७:५०

कन्नड कात्रणांचं मी बघते. आमचं माहेर हुबळीचं, सासर मराठी, दोन्ही वाचते. तुम्ही खाजगी निरोपात पाठवलेल्या सहांपैकी दोन कोरवंजीतली आहेत. कोरवंजी हे बेंगळुरूचं विनोदी मासिक, १९४२ साली डॉ. एम. शिवराम यांनी सुरू केलं, ते राशी या नावानं लिहायचे. आर. के. लक्ष्मण मूळचे म्हैसूरचे, त्यांची सुरुवातीची चित्रं त्यात यायची. बाकीची चार पेपरातली, त्यातल्या एकाचा अर्थ शब्दाशब्दानं सांगितला तर हसू येणार नाही, तो उच्चारावर आहे, मी आवाज रेकॉर्ड करून पाठवते, आईंना ऐकवा.

आण्णांनी त्या कन्नड कात्रणांच्या बाजूला काय लिहिलंय बघितलंत का? मराठी अक्षरात कन्नड उच्चार लिहिलेत, खाली अर्थ, आणि एका ठिकाणी "उद्या परत विचारणे". म्हणजे जोडीदार नुसतं कात्रण देत नव्हते, बसून शिकवत होते. तारीख १९६७ ची. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला ते वर्ष, गावात वातावरण काय होतं ते जुन्या माणसांना विचारा. त्याच पानावर खाली मार्मिकमधलं सीमाप्रश्नावरचं व्यंगचित्र आहे. दोन्ही एकाच पानावर, एकाच खळीनं.

---

निपाणीकर
गुरुवार, सकाळी ८:१५

हे वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

---

खानापूरची_पोर
गुरुवार, सकाळी ११:००

सगळं स्कॅन झालं की ऑनलाईन टाकणार का? मला वाचायचंय.

---

अथणीकर_पुण्यात
गुरुवार, दुपारी १:२०

जरा जपून. आपल्याकडं लेखक-चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि नाव नसलेलं लिखाण असेल तर छापल्यापासून ६०. म्हणजे यातलं बरंचसं अजून हक्कात आहे. घरात ठेवायला, घरच्यांना दाखवायला स्कॅन केलं तर काही नाही, पण सगळं जसंच्या तसं नेटवर चढवणं वेगळं. आण्णांनी कडेला लिहिलेलं मात्र तुमचं आहे. ते उतरवून काढा, तारखेसकट, आणि ते टाका.

---

कोरे_गल्ली
पुढचा रविवार, रात्री ९:४०

आजचं सांगते. भाऊ आला होता. त्याला काही बोलले नाही, फक्त बाड ७ समोर ठेवलं, कारण त्यात त्याच्या जन्माच्या आठवड्यातलं पान आहे. बाजूला लिहिलंय, "दवाखान्यात वाचला. नर्सबाई पण हसल्या. मुलगा." तो बराच वेळ ते पान बघत बसला आणि मग उठून स्टँड लावायला लागला. दुपारपर्यंत आम्ही ११० पानं काढली, तो फोटो काढत होता, मी पट्टीनं पानं उलटत होते, आई शेजारी बसून कोण कोण ते सांगत होती. "मास्तर" म्हणजे कुठले मास्तर हे तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. शीटमध्ये आता अजून एक रकाना केलाय, "आई सांगते". तिच्या तोंडचं तसंच्या तसं लिहायचं, नीट वाक्य करायच्या भानगडीत पडायचं नाही.

शहापूर_माग आले होते काल. त्यांच्या आजोबांचं नाव सापडलं, १९५९ च्या हिशेबात, चार साड्या. त्यांनी त्या नावाचा फोटो काढला आणि निघताना बाडाला नमस्कार केला.

निपाणीकर सर, हंसचं मांजर-उंदराचं मुखपृष्ठ मिळालं. बाड २, पूर्ण पान, घडी घालून चिकटवलंय. कडेला "ह्याला शब्द नाहीत. सौ. ला दाखवला, तिला आधी कळला, मला नंतर." आईला विचारलं तर म्हणाली मला आधीच कळायचं सगळं.

दोन बाडं फ्रीजरमध्ये आहेत, त्यामुळं पंधरा दिवस आईस्क्रीम नाही. मांजरपाट धुऊन वाळत घातलाय.

आता एक मागणी. बाड ९ मध्ये आवाजची एक खिडकी आहे, आण्णांनी साल १९७४ लिहिलंय, दिवाळी अंक. बाहेरचं पान शाबूत आहे पण आतलं अर्धं फाटून गेलंय, बहुतेक आम्ही पोरांनीच सारखी उघडून उघडून फाडलं. त्यापुढं आण्णांची ओळ आहे, "आज सगळे हसले." बाकी कुठल्याच कात्रणापुढं "सगळे" नाही. कुणाकडं ७४ चा आवाज आहे का?

---

खानापूरची_पोर
पुढचा रविवार, रात्री १०:०५

आहे!! आजोबांच्या पेटीत ७१ ते ७९ सलग आहेत, कुणाला हात लावू दिला नाही म्हणून राहिले. पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही, बुधवारी मला बेळगावात यायचंच आहे, घेऊन येते. तुमच्या स्टँडवरच फोटो काढू, अंक मात्र परत नेणार.

---

कोरे_गल्ली
पुढचा रविवार, रात्री १०:२०

बुधवारी दुपारी जेवायलाच ये ग. आईला आत्ताच सांगितलं, ती म्हणाली त्या खिडकीत काय होतं ते मला आठवतंय, पण आत्ता सांगणार नाही, आधी उघडून बघूया.